रिताच्या हातची पातोडी

तुमसर रोड स्टेशनावर उतरलं की अमर गोंडाणे या गृहस्थाचे दोन्ही हात कामातून जातात. हैदराबादहून निघताना याच हातांनी त्याने प्रवासाचा डबा भरलेला असतो, गॅसचं बटण दोनदा तपासलेलं असतं, खिडकीतली तुळस शेजारणीच्या ताब्यात दिलेली असते. नागपूरला गाडी बदलताना मोठी बॅगही हेच हात उचलतात. मग तुमसर रोड येतं, पुढे सिहोऱ्याची बस येते, आणि घराच्या ओसरीवर टेकल्याबरोबर या हातांचा धनी आत तोंड करून म्हणतो, "रिता, पाणी आण." माठ त्याच्यापासून चार पावलांवर असतो. रिता त्याच गाडीने, तेवढाच प्रवास करून आलेली असते, आणि तिने अजून चपलासुद्धा काढलेल्या नसतात.

नऊ वर्षं ती हे पाहते आहे. पहिल्या वर्षी तिला हसू आलं होतं. दुसऱ्या वर्षी तिने भांडून पाहिलं. आता ती माठातलं पाणी जरा जोरात ओतते, पेल्यातून सांडेल इतकं, आणि तेवढंच समाधान मानते.

हैदराबादेत दोघांची एक खोली आहे. रिता औषधाच्या गोळ्या पाकिटात भरणाऱ्या कंपनीत दिवसाच्या पाळीला, अमर एका गोडाऊनवर रात्रपाळीला. ती सकाळी सातला निघते तेव्हा तो घरी येतो. मग तोच भाजी आणतो, कपडे पिळतो, भात लावतो, झोपतो. संध्याकाळी ती येते तेव्हा झाकलेलं ताट तयार असतं. हे कोणी ठरवलं नाही. घड्याळाने ठरवलं. पण अमरला त्यात गोडी लागली, हे मात्र खरं. वरण तर तो करतोच, पण पातोडी! बेसन घट्ट हाटून, ताटात थापून, शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडून, भाजल्या खोबऱ्या-खसखशीच्या झणझणीत रश्श्यात सोडलेली त्याची पातोडी खाऊन शेजारची तेलुगू बाई बोटं चाटत राहिली होती. आणि बोटं चाटून झाल्यावर तीच बाई रिताला मोडक्या हिंदीत म्हणाली होती, "नवऱ्याला फारच दाबून ठेवलंस ग." तिचा स्वतःचा नवरा चहाचा कप उचलून मोरीत ठेवत नव्हता.

म्हणून 'तिकडं बायकांचं राज असते म्हणे' असं गावात कोणी म्हणालं की रिताचं डोकं फिरतं. कसलं राज? खोलीमालकीण आठनंतर दारात उभं राहू देत नाही. कंपनीत तिच्या हाताखाली चौदा बायका आहेत, पण साहेबाला काही विचारायचं असलं की तो शेजारच्या लाइनीवरच्या पोरसवदा मुकादमाला विचारतो. आणि कंपनीतल्या बायका तिला काय विचारतात? "तुमच्या गावात बायकांना चिखलात उभं करतात, खरं का?" दोन्हीकडच्या लोकांना तिच्याबद्दल सगळं आधीच माहीत असतं. अमर तिकडे रांधतो तो शहर सुधारलेलं आहे म्हणून नाही. तिकडे त्याला ओळखणारं कोणी पाहत नाही, एवढंच. हा शोध रिताला लागला तेव्हा तिला नवऱ्याचा राग यावा की कीव, हेच समजेना.

आता त्या पातोडीचं खोटं. दोन वर्षांपूर्वी सासू, मंगलाबाई, गुडघे दाखवायला हैदराबादला दहा दिवस येऊन राहिल्या. रिता ड्यूटीवर, अमर घरात; आई शेजारणीकडे बसायला गेली की तो रांधून घेई. मंगलाबाईंनी पातोडी खाल्ली, दोनदा मागून घेतली, आणि विचारलं, कोणी केली? अमर म्हणाला, "रितानं. सकाळीच करून गेली." सख्ख्या आईशी हे धडधडीत खोटं बोलून तो मोकळा झाला. मंगलाबाई सिहोऱ्याला परतल्या आणि गल्लीभर सुनेच्या पातोडीचं कौतुक करत सुटल्या. रिताला बेसन धड हाटता येत नाही. तिच्या आसगावच्या माहेरी स्वयंपाक थोरली बहीण करायची आणि ती शेतात जायची. तिची भाजी पोट भरते, त्यापलीकडे तिच्याबद्दल कोणी काही बोललेलं नाही.

खरं सांगून टाकायला काय हरकत होती? इथेच तर गोम होती. दर वर्षी भाताच्या रोवणीच्या सुट्टीत सासरे परसराम एकच विषय काढत, "सूनबाईले इथंच ठेव. तुह्या आईचे गुडघे गेले. घर पाहाले कोणी पाहिजे." आणि दर वर्षी अमर एकच उत्तर देई, "मंग माह्या जेवणाचे हाल होते ना, बाबा." हे ऐकून परसराम गप्प बसत. मुलाचं पोट हा एवढा एकच मुद्दा त्यांना पटे. म्हणजे रिताची नोकरी, तिच्या चौदा बायका, तिचं हैदराबाद, सगळं तिच्या न येणाऱ्या स्वयंपाकावर टिकून होतं. नवरा रांधतो हे कळलं की तिचं तिकीट कापलं गेलं असतं. परसराम दर जयंतीला माईक हातात घेऊन समतेवर अर्धा तास बोलतात, आणि चांगलं बोलतात. खाली उतरले की मंगलाबाईंना म्हणतात, "चष्मा आण."

या वर्षी त्यांनी विषय पहिल्याच दिवशी काढला. मंगलाबाईंना आता उकिडवं बसता येत नव्हतं. चुलीपाशी, ओट्यापाशी सगळीकडे खुर्ची ओढून काम चाललं होतं. "रोवणी होऊ दे, बोजाऱ्याच्या दिवशी ठरवू," परसराम म्हणाले. बोजारा म्हणजे रोवणी संपल्याच्या दिवशी रोवणाऱ्या बायकांना मालकाने घातलेलं जेवण. रिताला आठ दिवस मिळाले, आणि त्या आठ दिवसांत अमर या विषयावर एक शब्द बोलला नाही.

ती भाताच्या बांधीत उतरली तेव्हा मात्र तिला बरं वाटलं, हे तिला कबूल करावं लागलं. हैदराबादच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी बोलायला माणूस नसतं. इथे अठरा बायका एका ओळीत वाकलेल्या, तोंडं सुरू, कोणाची सून पळाली इथपासून कोणाच्या नवऱ्याला कशाची भीती वाटते इथपर्यंत. बाप्ये ट्रॅक्टरवर चिखलणी करून, पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंड्या फेकून शेताच्या धुऱ्यावर बसून विडी ओढत होते. बायकांच्या मुकादम जनाबाई दर हिवाळ्यात याच टोळीतल्या काही बायका, नवऱ्यांसकट, घेऊन तेलंगणात मिरची तोडायला जात. तेलुगू त्यांना रितापेक्षा चांगलं येई.

"तुह्या पातोडीचं लय ऐकून राहिलो वो आम्ही," जनाबाई वाकल्या वाकल्या म्हणाल्या. "बोजाऱ्याले तूच करून राहिली म्हणे. तुही सासू सांगे."

रिताच्या हातातली पेंडी चिखलात पडली.

घरी येऊन तिने अमरला घरामागच्या सांदवाडीत, परसात गाठलं. "आईंनी बोजाऱ्याला माझी पातोडी ठरवली. पस्तीस माणसांची. आता?"

"मंग कर ना. सोपी असते."

"मला येते?"

"मी सांगतो तुले. बाजूले उभा राहून सांगतो."

"बाजूले कशाला? ओट्यापाशीच उभा राहा ना, रोज राहतोस तसा."

"रिता, इथं?" अमरने असं तोंड केलं, जणू तिने त्याला कपडे काढून चौकात उभं राहायला सांगितलं असावं. वर समजुतीच्या सुरात म्हणाला, "अन् बाबांले कळलं तं तुलेच इथं ठेवतीन. तुह्याचसाठी सांगून राहिलो." तिला सगळ्यात जास्त चीड आली ती याची, की बाबांबद्दलचं ते वाक्य खरं होतं.

बोजाऱ्याच्या सकाळी मंगलाबाई खुर्चीवर बसून वाटण करून देऊन ओसरीवर गेल्या. रिताने गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवला, पाण्याला उकळी आणली, बेसन सोडलं. अमर मागच्या दाराशी मोबाईल कानाला लावून उभा. कंपनीचा फोन आहे आणि रेंज मागेच मिळते, असं तो बापाला सांगून आला होता. परसराम ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोराले सुट्टीत बी सोडत नाही कंपनी."

"हाट, हाट, थांबू नको," अमर फोनमध्ये कुजबुजला. "गुठळ्या होऊन राहिल्या. एका बाजूनं हाट. अवं, दुसऱ्या बाजूनं!"

"मी गोळ्यांची मशीन चालवते, मला शिकवू नकोस."

"जाळ कमी कर. कमी! लागलं ना बुडाले. वास येऊन राहिला."

तो आणखी एक मिनिट तसाच उभा राहिला. मग त्याला सहन झालं नाही. मोबाईल खिशात, पुढचं दार लोटलेलं, कडी घातलेली, आणि रिताच्या हातातला बेसन हाटायचा सराटा त्याच्या हातात. जळलेलं बेसन त्याने वाडीत नेऊन पुरलं, पुरावा पुरावा तसं. नवं पाणी ठेवलं. पुढचा दीड तास तो घामाघूम होऊन रांधत होता आणि रिता कडीपाशी पहारा देत उभी होती. एकदा तो रश्श्याची चव घेऊन स्वतःशीच खूश होऊन हसला. रिताला तो हैदराबादचा अमर दिसला, आणि त्या क्षणी तिला रडू येईल असं वाटलं. इतका बरा माणूस दाराला कडी घालूनच का बरा असावा?

जेवणं दुपारी अंगणातल्या मांडवाखाली झाली. एका बाजूला बायकांची पंगत, समोर बाप्यांची. मंगलाबाई बायकांच्या टोकाला खुर्चीवर. पहिल्या घासाला बोलणं थांबलं, आणि मग सगळीकडून सुरू झालं. बाप्ये माना हलवत होते, वाढायचा गंज दोनदा फिरला. "हाताले चव हाये पोरीच्या," कोणीतरी म्हणालं.

परसरामांनी पाणी प्यायलं, घसा साफ केला. जयंतीला करतात तसाच. "ठरलं मग. असा हात असलेली सून हैदराबादच्या खोलीत कायले ठेवाची? सूनबाई आता इथंच राहीन. अमरचं काय, तिकडं खानावळी कमी हायेत काय?"

रिताने अमरकडे पाहिलं. दर वर्षीचं उत्तर तरी द्यायचं. अमर द्रोणातल्या वडीचे दोन तुकडे करत होता. मग त्याने त्या दोनांचे चार केले. रिता थांबली, भात वाढणारा तिच्यापासून पंगतीच्या टोकापर्यंत जाऊन आला तोवर थांबली.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "ही पातोडी मी नाही केली. यांनी केली."

सगळा मांडव हसला. परसराम तर डोळ्यांत पाणी येईतो हसले. "पाहा! याले म्हणतेत संस्कार. स्वतः रांधते अन् नाव नवऱ्याचं करते!" बाप्यांनी माना डोलावल्या. आणि अमरही हसला. ओशाळं, पण हसला.

त्या हसण्याने रिताचं उरलंसुरलं भान गेलं. "मी खरं सांगून राहिली. मला पातोडी येत नाही. मी केलेली जळली, ती वाडीत पुरली आहे, जा उकरून पाहा. तिकडं रोजचं तेच रांधतात. नऊ वर्षं."

आता परसरामांचं हसू थांबलं. त्यांनी विचार केला, आणि त्यांना नवा मुद्दा सापडला. "मंग तं प्रश्नच मिटला. त्याले रांधता येते, तं तू तिकडं कायले जातेस?"

"रांधता येते म्हणून इथं राहा, अन् रांधता येत नाही म्हणूनही इथंच राहा!" रिताचा आवाज मांडवाबाहेर रस्त्यावर गेला. "मी तिकडं स्वयंपाकाला जातच नाही, मामाजी. ड्यूटीला जाते. माझ्या हाताखाली चौदा बायका आहेत. मी नसले तर लाइन थांबते. हे एकदा तरी कोणी विचारलं का मला?"

कोणी विचारलं नव्हतं. बोलल्या त्या जनाबाई, बायकांच्या पंगतीतून, हातातला घास संपवून. "पोरगी खोटी नाही बोलून राहिली. आमचे घनश्याम तेलंगणात तीन महिने भात मांडतेत. मी रानात, हे चुलीपाशी. इचारा त्यायले." घनश्याम समोरच्या पंगतीत होते. त्यांनी आपला द्रोण जवळ ओढला आणि त्यात बारकाईने पाहू लागले.

"आमच्या घरचे तं भांडे बी घासतेत तिकडं," त्यांच्या शेजारच्या उषाबाई म्हणाल्या. "इकडं ताटाले हात लावला तं मिशा गळून पडतेत." तिसरीने सांगितलं, आमचे धुणं धुतात, पण साडी धुवत नाहीत. चौथी म्हणाली, आमचे साडीही धुतात, फक्त वाळत घालत नाहीत, लोक पाहतात. अठरापैकी अकराजणी तेलंगणाला जाऊन आलेल्या होत्या, आणि अकराजणींनी आपापल्या नवऱ्याची अब्रू इतकी वर्षं पदराखाली झाकून ठेवलेली होती. समोर बाप्यांच्या पंगतीत एकाएकी फार मन लावून जेवण चाललं होतं.

"अमर," परसराम म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "खरं काय रे?"

नऊ वर्षांचा संसार पणाला लागला होता आणि या माणसाची दातखीळ बसली होती. रिताने मनातल्या मनात हैदराबादेत एकटीने खोली घ्यायला किती खटपट पडेल याचा हिशेब सुरू केला.

तेवढ्यात मंगलाबाई खुर्चीवरून सहज म्हणाल्या, "अमर, आज लसूण कमी पडला रे पातोडीत. काहून?"

"कमी नाही पडला, आई!" अमर ताडकन म्हणाला. "मी वरून दोन गड्डे टाकले. तू वाटण भरड ठेवलं, त्याच्यानं लसूण लागत नाही जिभेले. मी म्हणतच होतो का अजून एक फेर..."

तो थांबला. फार उशिरा थांबला. मांडवातला प्रत्येक माणूस त्याच्याकडे पाहत होता. जनाबाईंनी पदर तोंडात कोंबला.

रिता सासूकडे वळली. "तुम्हाले माहीत होतं?"

"पोराचा हात मले नाही समजत काय? तवाच समजलं. दोन वर्स झाले."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती तं यांनी तुले तवाच इथं ठेवलं असतं."

खरं तर रिताने इथे विरघळायला हवं होतं. ती आणखी भडकली. म्हणजे अमर रितासाठी गप्प, रिता अमरसाठी गप्प, सासू दोघांसाठी गप्प; आणि एवढ्या सगळ्या मायेतून निष्पन्न काय, तर सकाळी पस्तीस माणसांचं बेसन तिने जाळलं. "मग मलाच का सांगितली पातोडी करायला? येत नाही हे माहीत असून?"

मंगलाबाईंच्या द्रोणात एक वडी उरली होती, तिच्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "मले त्याच्या हातचं खावं वाटे. जलमात त्या दहा दिवसच खाल्लं. त्याले कसं मागू? त्यानं तुलेच सांगितलं असतं."

अमरची मान खाली गेली. तो उठला, वाढणाऱ्या बाईच्या हातून गंज घेतला आणि आईच्या द्रोणात वाढू लागला, नको नको म्हणेपर्यंत.

परसराम अजून बसलेच होते. एवढ्या आठ दिवसांत घर, शेत, म्हाताऱ्या बायकोचे गुडघे, घराण्याची रीत, सगळे मुद्दे येऊन गेले होते. आता कुठलाच उरला नाही, तेव्हा तळातलं खरं बाहेर आलं. "मंग माह्या जेवणाचं काय?" त्यांनी विचारलं, आणि ते इतकं केविलवाणं होतं की बाप्यांनाही हसू आवरलं नाही.

"अमर उद्या सांजच्या गाडीपर्यंत हाये," मंगलाबाई म्हणाल्या. "शिकून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिता दोघांच्या बॅगा भरून बाहेर आली तर ओसरी रिकामी होती. स्वयंपाकघरातून अमरचा आवाज येत होता, "बाबा, बोटं आत घ्या, कापतीन," आणि कांद्याने बेजार झालेले परसराम नाक ओढत होते. मंगलाबाई खुर्चीवर बसून दोघांकडे बघत होत्या. सगळं झकास चाललं होतं. फक्त स्वयंपाकघराचं रस्त्याकडचं दार त्या दोन बाप्यांनी आतून कडी घालून बंद केलेलं होतं.

रिता गेली, कडी काढली आणि दाराची दोन्ही कवाडं भिंतीला टेकेपर्यंत उघडली.